निशाणी नांगर

बद्रीनाथ कुलकर्ण्यांनी बोरू शाईत बुडवला, कागदाच्या तळाशी मनकर्णाचं नाव लिहिलं आणि नावाशेजारी गोल काढायला हात टेकवला. तेवढ्यात मनकर्णानं पायरीवरून हात पुढे करून आपला पंजा कागदावर ठेवला. बोरू जागीच थांबला. त्याच्या टोकाचा एक थेंब तिच्या करंगळीवर पडला. तिनं तो पुसला नाही.

“बांगडी नका काढू, पंत,” ती म्हणाली. “नांगर काढा.”

खडकवाडीच्या चावडीत त्या सकाळी दहा-बारा माणसं होती. जाजमावर मधोमध बीडच्या तहशिलीतून आलेले अमीन मुनव्वर अली, त्यांच्या उजव्या हाताला पाटील विठ्ठलराव, आणि खांबांना पाठी टेकून गावातली जाणती मंडळी. बाईमाणूस एकच, आणि तीही खाली पायरीवर. सगळ्यांना आधी वाटलं, बाईला काही समजलेलं नाही.

“अगं मनकर्णाबाई, ही सही असते,” बद्रीनाथपंत समजुतीच्या सुरात म्हणाले. “तुला लिहिता येत नाही, म्हणून मी निशाणी काढायची आणि तू बोरूला हात लावायचा. बायांची निशाणी बांगडी. माझ्या आजोबांच्या वेळेपासून बांगडीच आहे.”

“म्हाईत हाय मला. एकदा लावलाय मी हात बांगडीला. आता नांगर काढा.”

कोणीतरी खाकरलं. मागच्या खांबाशी कोणीतरी हसलं आणि हसू खोकल्यात घातलं.

खडकवाडीत लिहिता येणारी माणसं तीन, आणि त्यांतला एक म्हणजे पाटलांचा मुलगा नेकनूरला राहत असल्यामुळे धरण्यासारखा नव्हता. बाकी गावाची सही म्हणजे ज्याच्या त्याच्या धंद्याची खूण. कुणब्यानं नांगर द्यायचा, कुंभारानं चाक, सुतारानं वाकस, न्हाव्यानं आरसा. बद्रीनाथपंत काही चित्रकार नव्हते. त्यांच्या हातून आरसा आणि बांगडी एकसारखीच उतरे, फरक एवढाच की आरशाला खाली दांडी असे. पाटलांची निशाणी कट्यार. विठ्ठलरावांनी जन्मात टरबुजापलीकडे काही कापलं नव्हतं, पण कागदावर त्यांची कट्यार भलतीच पाणीदार दिसे. बाईच्या बाबतीत मात्र ती कोण, काय करते, हे विचारायची गरजच पडत नसे. कुंभारीण असो की कुणबीण, सवाष्ण असो की विधवा, कागदावर ती बांगडी.

मामला शिवेचा होता. खडकवाडी आणि शेजारची लिंबारवाडी यांच्यामधून एक ओढा जातो. ओढ्याच्या अलीकडे गायरान. खडकवाडीच्या चाळीस घरांची जनावरं तिथं चरत आणि ओढ्याच्या डोहात पाणी पीत. दोन वर्षांपूर्वी लिंबारवाडीनं म्हणायला सुरुवात केली की शीव ओढ्यावरून जात नाही, चांगली अलीकडून जाते, तेव्हा गायरान आमचं आणि डोहही आमचा. जुन्या पैमाशीच्या, म्हणजे मोजणीच्या, कागदात ‘ओढ्याकाठचा शिवेचा दगड’ एवढंच लिहिलेलं, आणि तो दगड काही कोणाला सापडेना. दोन वर्षं गाव डोकं खाजवत बसलं. मनकर्णाला कोणी विचारलं नाही. बाईला शिवेतलं काय कळणार?

शेवटी विचारलं ते अमीनसाहेबांनी. “ओढ्याला लागून शेत कोणाचं आहे?” असं त्यांनी आल्या आल्या विचारलं आणि मनकर्णाला बोलावणं गेलं. काल दुपारी तिनं आपल्या शेताच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात पायानं जागा दाखवली. हातभर उकरल्यावर दगड लागला. त्याच्यावर चंद्र-सूर्य कोरलेले, आणि चंद्रावरून एक तिरपी खोच गेलेली. लिंबारवाडीची माणसं उभीच होती. ती म्हणाली, हा दगड मागच्या महिन्यात आणून पुरलाय.

म्हणून आज हा महजर, म्हणजे गावासमक्ष लिहून घ्यायची साक्ष. मनकर्णाचा बयान चार ओळींचा होता. फसली, म्हणजे सरकारी महसुली सालाच्या हिशेबानं, बाराशे ब्याण्णव साली उन्हाळ्यात आपण नांगरत असताना आपला फाळ या दगडावर बसून मोडला. दगडावरची खोच त्याच फाळाची. शिवेचा दगड हलवणं पाप, म्हणून आपण तो जागच्या जागी माती लोटून झाकला. एवढंच. हे सांगू शकणारं दुसरं माणूस गावात नव्हतं. कागद इथून बीडला आणि तिथून औरंगाबादेला सुभ्याच्या कचेरीत जायचा होता, आणि लिंबारवाडीनं तिथं आधीच वकील देऊन ठेवला होता.

“मनकर्णाबाई,” पाटील म्हणाले, “सायबांना उनाच्या आत नेकनूर गाठायचंय. एका बांगडीपायी गावाचं गायरान घालवता का?”

“गायरानासाठीच आले की मी, पाटील. साक्ष देते. निशाणी खोटी देणार न्हाई.”

“बांगडी खोटी कशी?”

मनकर्णानं कागदावरचा हात उचलला आणि तो तसाच सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला. मनगट मोकळं होतं. पंजा मात्र पाहण्यासारखा होता. रुंद, काळा, आणि बोटांच्या मुळाशी घट्ट्यांची अशी ओळ की चावडीतल्या अर्ध्या पुरुषांनी आपले हात मांडीखाली घ्यावेत.

“हे गेले तवा रान नावावर करायला पंतांच्या वडलांनी मला हितंच बोलावलतं,” ती म्हणाली. “बांगड्या फोडून नऊ दिस झालते. अन् त्यांनी कागदावर बांगडी काढली. मी म्हनलं, काका, कुठली बांगडी? ते म्हनले, रीत हाय. तवा मी बाविशीची होते. रीत हाय म्हनून हात लावला.”

ती हे रडत बोलली नाही की रागानंही बोलली नाही. तरी बद्रीनाथपंतांनी बोरू दौतीत ठेवून दिला.

मनकर्णाचा नवरा उत्तरेश्वर गेला तेव्हा तिच्या पदरात एक मुलगी होती आणि ओढ्याकाठचं आठ एकर बरड, खडकाळ रान. पहिल्या वर्षी धाकटा दीर बबनराव तिचं रान नांगरायला आला, पण आधी त्याचं स्वतःचं आटोपून. तोवर बरड विटेसारखं झालं होतं. तिनं राग धरला नाही. स्वतःचं टाकून दुसऱ्याचं कोण करतो? दुसऱ्या वर्षी तिनं बैल जुंपले, कासोटा घट्ट केला आणि नांगराचं रुमणं आपल्या मुठीत धरलं.

बाईनं नांगराला हात लावला की पाऊस रुसतो, हे त्या मुलखात लहान पोरसुद्धा सांगे. पहिले आठ दिवस नांगरानं जमिनीत ओढलेले तिचे तास सापासारखे वाकडे गेले. बैलांना तिचा आवाज ओळखीचा होता, पण हुकूम ओळखीचा नव्हता. फाळ मोडला तो याच दिवसांत. लोहारानं नवा फाळ देताना तिच्याकडे न बघता दिला. ती रोज बांधावर बसून भाकरी खाताना आदल्या दिवशीचा तास न्याहाळायची, कुठं हात सुटला, कुठं बैल ओढला गेला ते शोधायची, आणि उठून पुन्हा धरायची. तिला शिकवायला कोणी नव्हतं. ती त्या वाकड्या तासांकडूनच शिकली, आणि हे मला फार मोठं वाटतं.

एका संध्याकाळी रानाच्या टोकाला बैल वळवताना तिनं मागं पाहिलं. तास या बांधापासून त्या बांधापर्यंत दोरी धरल्यासारखा सरळ गेला होता. ती कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. लहानपणी ती बापाची मनू होती, मग उत्तरेश्वराची बायको झाली, मग दोन वर्षं कोणाचीच कोणी नव्हती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिला आपण कोण ते विचारावं लागलं नाही. समोर जमिनीवर ते ओढलेलं होतं. आनंदानं तिला हसू आलं आणि आजूबाजूला कोणी नाही हे बघून ती मोठ्यानं हसली.

गंमत अशी की त्या वर्षी पाऊस झकास झाला. त्यामुळे गाव फार अडचणीत आलं. बोल लावावा तर ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, आणि कौतुक करावं तर रीत मोडते. मग गावानं सोपा मार्ग काढला, न बघण्याचा. ती नांगरत असली की वाटेनं जाणारे पुरुष डोंगराकडे तोंड करून चालत, जसं काही डोंगरात रोज नवीन काही उगवत होतं. घरानंही झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून कधी तोंड उघडलं नाही. बोलताना सगळे ‘उत्तरेश्वराचं रान’ म्हणत, ‘उत्तरेश्वराची ज्वारी यंदा बरी हाय’ म्हणत. मेलेला माणूस तीस वर्षं शेती करत होता आणि चांगली करत होता.

फक्त फसली तेराशे नऊच्या दुष्काळात बबनराव तिच्या दारात आला होता. चार माणसं मागं उभी करून तो म्हणाला होता, “वयनी, आता तरी नांगर सोड. मुलखाला तुझा दोष लागलाय.”

“बालाघाटात पाऊस न्हाई, आष्टीकडं न्हाई, पार नगरापतूर न्हाई,” मनकर्णा म्हणाली होती. “तितले समदे नांगर काय मीच धरते, भावजी?”

मागच्या चौघांतला एक हसला. बबनरावाला ते लागलं. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला.

आज तो चावडीत तिसऱ्या खांबाशी बसला होता. पन्नाशीचा, अंगानं वाळलेला, घरची इज्जत डोक्यावरच्या पागोट्यासारखी सांभाळणारा माणूस. सकाळपासून त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता.

अमीनसाहेबांनी कागद आपल्याकडे ओढला. त्यांना मोडी वाचता येई, पण सावकाश. त्यांनी बोटानं एकेक ओळ धरत चारही ओळी वाचल्या.

“पंत, बाईंचा बयान काय म्हणतो? ‘माझ्या नांगराचा फाळ.’ आणि खाली निशाणी बांगडी. लिंबारवाडीचा वकील पहिला सवाल हाच करील. बांगडीवाली बाई, तिचा फाळ कुठून आला?”

“मग त्यात काय, साहेब,” पंत म्हणाले, “‘माझ्या नवऱ्याच्या नांगराचा’ असं करू. एक शब्द वाढेल. बाई न्याहारी घेऊन गेली होती, तिनं बघितलं, असं लिहू.”

“झालं तर मग,” पाटील म्हणाले. माना हलल्या. सगळ्यांनाच बरं वाटलं. एक शब्द घातला की गायरानही राहत होतं आणि रीतही.

“ते तवा नव्हते,” मनकर्णा म्हणाली.

“कोण बघायला आलंय बाई आता?”

“नव्वद साली गेले ते. ब्याण्णव साली मी नांगरत होते. मेलेल्या माणसाला कशाला जुंपता, पाटील?”

अमीनसाहेबांच्या मिशा हलल्या. “मयताचं साल दप्तरात असेल,” ते पंतांना म्हणाले. “वकील ते काढील आणि मग दगडही खोटा आणि गावही खोटं. बाई बरोबर बोलतात.”

आता मात्र चावडीतलं हसू पार मावळलं. गायरान म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. डोह गेला तर वैशाखात जनावरं कोसभर लांब न्यावी लागली असती, आणि चारा गेला तर ती विकावी लागली असती.

“नांगराची निशाणी बाईच्या नावापुढे करायला कायद्यात मनाई नाही,” अमीनसाहेब सावकाश म्हणाले. “पण दस्तूर नाही. वरचे लोक विचारणार, हे कसं? म्हणून घरातल्या एका मर्दानं हलफ घेऊन, शपथेवर सांगावं, की नांगर धरणं हा या बाईंचा पेशा आहे. ते बयानाखाली लिहायचं आणि त्यानं आपली निशाणी करायची. मग कागद पक्का. घरात मर्द कोण आहे?”

सगळ्यांनी तिसऱ्या खांबाकडे पाहिलं.

बबनराव जाजमाच्या काठाचा एक दोरा बोटाला गुंडाळत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. तीस वर्षं गावानं आणि घरानं जे पाहिलं नव्हतं, ते आता त्यानं सरकारी कागदावर पाहिलं म्हणून सांगायचं होतं. आमच्या घरची बाई नांगर धरते. कागद औरंगाबादेला जाणार, तिथं मोठ्यानं वाचला जाणार. लोक विचारणार, मग घरातले पुरुष काय करत होते?

मनकर्णानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं पदर सारखा केला.

“भावजींना भरीला घालू नका, सायेब,” ती म्हणाली. “त्यांना जमायचं न्हाई. दुसरी वाट असंल तर बघा.”

त्या बोलण्यात टोमणा असता तर बबनराव बसून राहिला असता. टोमण्याला बसून राहणं सोपं असतं. पण तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती त्याची अडचण त्याच्यासाठी सांगत होती, दुखणाईत माणसाला पाणी नेऊन द्यावं तशी. बबनरावानं बोटाचा दोरा सोडला आणि तो उठून उभा राहिला.

“धरती ती नांगर,” तो म्हणाला.

बद्रीनाथपंतांनी बोरू उचलला.

“कधीपासून?” अमीनसाहेबांनी विचारलं.

“भाऊ गेल्याच्या दुसऱ्या सालापासनं.”

“तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“तीस साल पाहिलं, सायेब.”

“किती जमीन?”

“आठ एकर. बरड हाय, ओढ्याकाठचं.”

बोरू कुरकुरत राहिला. पंतांनी ओळ पुरी केली, वाळू टाकली आणि विचारलं, “झालं?”

बबनराव उभाच होता. “न्हाई,” तो म्हणाला. “अजून लिहा. अन् चार एकर माझं.”

“तुझं?” पाटलांनी मान वळवली. “तुझं रान ती कावून नांगरंल?”

“तेराशे तेरा साली.” बबनराव पाटलांशी बोलत होता, पण बघत होता दाराच्या चौकटीकडे. “गाठीचा ताप आलता बघा. समदं गाव रानात खोपटं घालून राहिलतं. माझ्या जांघंत गाठ उठली. बायकोबी जवळ यायला भ्यायची. मिरगाला पंधरा दिस राहिलते अन् रान तसंच पडलं. ही रोज पानी आणून द्यायची. तवा मी बोलत नव्हतो हिच्याशी.” त्यानं चौकटीवरची नजर हलवली नाही. “आठ दिसांत नांगरलं हिनं चार एकर. तांबडं फुटायच्या आत यायची, मान्सं हिंडाय लागली की नांगर घेऊन जायची. मला कुनी बोल लावू नये म्हनून.”

पाटील विठ्ठलराव आठवू लागले होते. त्यांच्या कपाळावर आठ्या जमल्या. “आरं पर त्या साली तुझे पालीचे मेव्हणे आलते ना नांगरायला? मी माझ्या गड्यांना तुझ्या बांधावर नेऊन उभं केलतं. म्हनलं, तास असा धरावा, बघून घ्या.”

“ते मेव्हणे न्हवते, पाटील.”

बाहेर पिंपळाखाली अमीनसाहेबांचं तट्टू नाकानं फुर्र करत होतं.

“मीच तसं सांगितलतं,” बबनराव म्हणाला. “तुमी शाबासकी दिली. मी घेतली.”

विठ्ठलरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुन्हा डोक्यावर चढवलं. त्यांच्या गड्यांनी तो तास खरंच बघून घेतला होता. गेली आठ-नऊ वर्षं खडकवाडीत पाटलांच्या रानात जे नांगरलं जात होतं, ते मनकर्णाचं बघून नांगरलं जात होतं. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते हसतील की चिडतील, हे त्यांचं त्यांनाही कळेना. शेवटी ते म्हणाले, “लई सरळ होते पर ते तास.”

मनकर्णानं आता दिराकडे पाहिलं. त्या आठ दिवसांबद्दल तो तिला कधी काही बोलला नव्हता, पुढंही नाही. तीही बोलली नव्हती. तो विसरला असेल असं तिनं मनाशी धरलं होतं आणि ते तसं धरल्यामुळे तिला त्याच्याशी चांगलं वागता येत होतं. तो विसरला नव्हता. नऊ वर्षं ते त्यानं घरात, अंगात, एकट्यानं वागवलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून पहिल्यांदा. तिनं ते मनगटाच्या मागल्या बाजूनं पुसलं.

“लिहा, पंत,” अमीनसाहेब म्हणाले. “चार एकरही लिहा.”

पंतांनी लिहिलं. मग त्यांनी कागद फिरवला, मनकर्णाच्या नावाशेजारी बोरू टेकवला आणि गेली पंचवीस वर्षं काढत आले होते तसा नांगर काढला. एक आडवी रेघ, एक उभी, खाली टोक. तो काढताना त्यांची जीभ किंचित बाहेर आली होती. एरवी ते एवढी काळजी घेत नसत.

मनकर्णा पुढे वाकली. “रुमणं इतकं ताठ नसतं, पंत.”

“काय?”

“हे मागचं. धरायचं. असं ताठ असलं तर दुपारपतूर खांदा जातो. जरा मागं वाकवा.”

बद्रीनाथपंतांनी पंचवीस वर्षांत तीनेकशे नांगर काढले असतील आणि एकाही कुणब्यानं त्यांना हे सांगितलं नव्हतं. कुणब्यांनी बहुधा कागदाकडे कधी पाहिलंच नव्हतं. पंतांनी पाटलांकडे पाहिलं, अमीनसाहेबांकडे पाहिलं, आणि मग मुकाट्यानं रेघ मागं वाकवली.

“आता धरता येईल,” मनकर्णा म्हणाली. तिनं बोटं पुढे केली आणि बोरूला हात लावला. हात लावून लगेच काढून घ्यायची रीत होती. तिनं तो जरा जास्त वेळ ठेवला. कोणी घाई केली नाही.

“बबनराव, या,” पंत म्हणाले.

बबनराव जाजमावरून पुढे आला आणि कागदापाशी उकिडवा बसला. पंतांनी त्याचं नाव लिहिलं, ‘निशाणी’ लिहिलं, आणि वरच्यासारखीच आडवी रेघ ओढायला बोरू टेकवला.

“पंत,” बबनराव हळूच म्हणाला, “माझा जरा बारका काढा.”

पंतांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बबनराव थट्टा करत नव्हता. त्याची नजर वरच्या नांगरावर होती. पंतांनी बोरूची जास्तीची शाई दौतीच्या काठाला पुसली आणि मनकर्णाच्या नांगराखाली, त्याच्या निम्म्यानं, दुसरा नांगर काढला.